निवड चाचणी नव्हे, जोपासना

दिवाळी सरते आणि जव्हार-मोखाड्यातून माणसे बाहेर पडू लागतात. भात, नागली, वरई घरात आलेली असते, ती किती दिवस पुरेल याचा हिशेब झालेला असतो, आणि मग कुटुंबेच्या कुटुंबे बिऱ्हाड उचलून भिवंडी, वसई, ठाण्याकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघतात. हिवाळ्याच्या याच दिवसांत याच तालुक्यांतून आणखी काही वाहने निघतात. त्यांत आश्रमशाळांचे कबड्डीचे आणि खो-खोचे संघ बसलेले असतात. आदिवासी विकास विभागाच्या क्रीडास्पर्धा प्रथम प्रकल्पाच्या पातळीवर होतात, मग विभागाच्या आणि शेवटी राज्याच्या. एकाच घरातला थोरला मुलगा संघाबरोबर आणि धाकटा आईबापांबरोबर भट्टीवर, असा योग येथे नवलाचा नाही. स्पर्धा काही दिवसांत आटोपतात. ढाल मुख्याध्यापकांच्या कपाटावर विसावते, प्रमाणपत्रे फायलीत जातात, आणि पुढल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर पुन्हा नव्याने संघ निवडण्याची घाई सुरू होते. मधल्या दहा महिन्यांत त्या मुलांच्या खेळाचे काय झाले, हे विचारण्याचे काम कोणाकडेच सोपवलेले नसते.

आदिवासी भागातील क्रीडागुणांविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा 'शोध' या शब्दाच्या आधाराने. प्रतिभेचा शोध, खेळाडूंचा शोध, निवड चाचणी, शिबिर. जणू रानात रत्ने विखुरलेली आहेत आणि जाणकाराने फेरफटका मारून ती वेचून आणावयाची आहेत. या कल्पनेतच खोट आहे. जव्हार-मोखाड्यासारख्या प्रदेशात बारा वर्षांच्या मुलाला रांगेत उभे करून त्याची उंची, वजन, उभी उडी आणि ३० मीटरची धाव मोजली, तर जे हाती येते ते त्याच्यातील गुणाचे माप असेलच असे नाही. पुष्कळदा ते त्याच्या घरातील धान्याच्या कणगीचे माप असते.

हा मुद्दा केवळ भावनेचा नाही. खेळाडू घडवण्याची सर्वांत काटेकोर व्यवस्था ज्यांनी उभी केली त्यांच्याच अनुभवाने तो सिद्ध झालेला आहे. कॅनडात बर्फावरील हॉकी हा राष्ट्रीय ध्यासाचा विषय आहे. तेथे पंधरा-सोळा वर्षांची मुले निवडली जातात आणि कुमार संघांतून विसाव्या वर्षापर्यंत खेळतात. ऑन्टारिओ, पश्चिम प्रांत आणि क्वेबेक अशा तीन मोठ्या कुमार साखळ्या आहेत. १९८५ साली रॉजर बार्न्सले या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट उघड झाली. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत जन्मलेली मुले संघांत फार मोठ्या प्रमाणात होती आणि वर्षाच्या अखेरच्या तीन महिन्यांत जन्मलेली अगदी थोडी. कारण ग्रहताऱ्यांत नव्हते. वयोगट १ जानेवारीपासून मोजला जाई. जानेवारीत जन्मलेले मूल डिसेंबरात जन्मलेल्या मुलाहून जवळजवळ वर्षाने मोठे, म्हणून थोडे उंच, थोडे जड, थोडे सावध. निवड करणाऱ्यांना तो फरक गुणाचा वाटे. निवडलेल्या मुलाला मग अधिक सराव, अधिक सामने, अधिक चांगला प्रशिक्षक मिळे आणि चार-पाच वर्षांत तो खरोखरच अधिक गुणी होई. म्हणजे निवडीतील चूक जोपासनेने खरी करून दाखवली जाई.

या संशोधनाचा पहिला भाग आपल्या शिक्षकांना हसू आणील. कॅनडात निदान जन्मतारखा तरी खऱ्या होत्या. आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतील शाळांच्या जनरल रजिस्टरात जन्मतारखेच्या रकान्यावरून नजर फिरवली, तर अर्धे गाव १ जूनला जन्मले असावे असा भास होतो. दाखला नसलेल्या मुलाच्या वयाचा गुरुजींनी अंदाज बांधावा आणि शाळाप्रवेशाला सोयीची तारीख लिहावी, ही कित्येक पिढ्यांची रीत आहे. दवाखान्यातील बाळंतपणे वाढली तशी ही स्थिती आता सुधारत आहे. पण दुर्गम पाड्यांवरच्या मुलांबाबत वर्षभराचा फरक राहून जाणे अशक्य नाही. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट काटेकोरपणे पाळले जातात. त्या काटेकोरपणाला जर अंदाजाचा पाया असेल, तर एखादी अकरा वर्षांची मुलगी तेरा वर्षांच्या मुलींबरोबर मोजली जाते, 'किरकोळ' म्हणून बाजूला काढली जाते आणि विषय संपतो.

त्यावर कुपोषणाचा थर चढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर शंभर मुलांमागे सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आहेत. आदिवासी मुलांत हे प्रमाण त्याहून अधिक आहे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे नाव १९९२-९३ मध्ये सबंध महाराष्ट्राला ठाऊक झाले ते बालमृत्यूंमुळे. त्यानंतर चोवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, मोखाड्यातील बालमृत्यूंनी पुन्हा मंत्र्यांच्या मोटारी या घाटात आणल्या. मधल्या काळात योजना आल्या नाहीत असे नव्हे. २०१५ साली अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातांना चौरस जेवण आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना अंडी वा केळी मिळू लागली, आणि तिचा उपयोग झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु पहिल्या दोन-तीन वर्षांत खुंटलेली वाढ पुढे सहजासहजी भरून येत नाही, आणि जी थोडीबहुत भरून येते ती पौगंडावस्थेतील चांगल्या अन्नाने, सावकाश. अशा मुलाची क्षमता बाराव्या वर्षी दिसेल कशी? ती दिसावयाची तर सोळाव्या-सतराव्या वर्षी, आणि तीही मधली चार-पाच वर्षे त्याला कोणी खेळवत आणि खाऊ घालत ठेवले तर!

शहरी क्रीडाप्रेमींच्या मनात याउलट एक गोड समजूत घर करून बसलेली असते. आदिवासी मूल जात्याच काटक असते, डोंगर चढून-उतरून त्याच्या फुप्फुसांत आणि पायांत बळ आलेले असते, त्याला फक्त बूट आणि शिट्टी मिळण्याचा अवकाश, असे मानले जाते. रात्रभर तारप्याच्या तालावर नाचणाऱ्यांकडे किंवा बोहाड्यात जड मुखवटे चढवून सोंगे नाचवणाऱ्यांकडे पाहून ही समजूत अधिकच पक्की होते. त्यात कौतुक आहे हे खरे. पण ते जबाबदारी टाळणारे कौतुक आहे. जात्याच काटक असलेल्याला दूध-अंड्यांची गरज काय, असा त्याचा व्यवहारातील अर्थ होतो. डोक्यावर दोन हंडे घेऊन उन्हाळ्यात टेकडी चढणारी मुलगी काटक असते याचे कारण पाणी दूर असते. मुंबईची तहान भागवणारी वैतरणेवरची धरणे याच डोंगरांत आहेत. आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही याच डोंगरांत आहेत.

अशा समजुतीवर आधारलेल्या योजनेचे काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडेच सापडते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो. पूर्वज आफ्रिकेतून आलेले, बोली मराठीमिश्रित कोंकणी. आफ्रिकी धावपटू जग जिंकतात, मग हे त्यांचे रक्तबंधू का जिंकणार नाहीत, अशा विचाराने भारतीय क्रीडा प्राधिकरणाने १९८७ साली या समाजातील मुले निवडून वसतिगृहांत नेली. मुलांनी निराशा केली नाही. काहींनी राष्ट्रीय स्पर्धांत पदके मिळवली. आणि १९९३ साली, मुले ऐन उमेदीत असताना, योजना गुंडाळली गेली. काहींना खेळाच्या बळावर नोकऱ्या लाभल्या. अनेक जण शेतमजुरीकडे परतले. पुढे पुष्कळ वर्षांनी पुन्हा तेथे प्रयत्न सुरू झाले. पण मधली पिढी गेली ती गेलीच. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की क्रीडा प्राधिकरणाच्या त्याच काळातील शोधातून उदयपूरकडचा लिंबाराम १९८७ साली सापडला आणि वर्षभरात सोलच्या ऑलिंपिकमध्ये धनुष्य घेऊन उभा राहिला. एक लिंबाराम दाखवता आला की शोधाची पद्धत यशस्वी ठरते. परत पाठवलेल्यांची मोजदाद कोणत्याही अहवालात होत नाही.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जाईल. मोखाड्याच्या शिवेपलीकडे, नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलजवळचे सावरपाडा हे कविता राऊतचे गाव. डोंगर तोच, पाऊस तोच, पाण्याची वणवणही तीच. कविता २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत ब्राँझपदकाची मानकरी झाली, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले, २०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०१६ साली ती रिओच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावली. तिलाही कोणीतरी हेरलेच होते ना? तिलाही गाव सोडून नाशिकला जावेच लागले ना? मग शोधाला नावे का ठेवावीत?

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर त्या कथेच्या दुसऱ्या अर्ध्यात आहे, जो सत्कारसमारंभांत सांगितला जात नाही. नाशिकला क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंद्रसिंग होते, आणि ते वर्षानुवर्षे नाशिकलाच होते. हंगामापुरते आले आणि बदलीवर गेले, असे झाले नाही. त्यामुळे कवितामागून मोनिका आथरे आली, संजीवनी जाधव आली. २०१७ साली भुवनेश्वरच्या आशियाई मैदानी स्पर्धेत पाच हजार मीटरमध्ये संजीवनी ब्राँझपदकाची मानकरी झाली, आणि त्याच वर्षी मोनिका लंडनच्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. एका शहरात, एका माणसाभोवती, धावणाऱ्या मुलींचे घराणे तयार झाले. गायनात घराणे म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. एक गुरू, एक ठिकाण, रोजचा रियाज आणि मोठ्या शिष्यांनी धाकट्यांना सांभाळून घेणे. खेळातही याहून निराळे काही नसते. कविताची कथा ही शोधाच्या यशाची नसून टिकून राहिलेल्या जोपासनेच्या यशाची आहे. शोध एका दुपारचा असतो.

हीच गोष्ट ओडिशाने अधिक मोठ्या प्रमाणावर केली. सुंदरगढ जिल्ह्यातील आदिवासी खेड्यांत हॉकीचे सामने पिढ्यान् पिढ्या चालत आलेले. विजेत्या संघाला बक्षीस म्हणून बोकड मिळतो आणि तो त्याच संध्याकाळी शिजतो. १९८५ साली राउरकेल्याजवळ पानपोष येथे क्रीडा वसतिगृह सुरू झाले. गावच्या मैदानातून वसतिगृहात आणि तेथून राष्ट्रीय संघात, अशी पायवाट पडली. तीन ऑलिंपिक खेळलेला आणि भारताचा कर्णधार झालेला दिलीप तिर्की याच वाटेने आला. २०२३ साली विश्वचषकाचे सामने राउरकेल्यातच बिरसा मुंडा यांच्या नावाच्या मैदानावर झाले, याचे बीज त्या वसतिगृहात आहे. ओडिशाने एक-दोन मुले उचलून दूरच्या राजधानीत नेली नाहीत. मुलांच्या घराजवळ जे होते त्याला छप्पर घातले. गावचा खेळ गावात राहिला, त्याला वर चढण्याचा जिना मिळाला. महाराष्ट्रातही १९९६ पासून क्रीडा प्रबोधिनी आहे, बालेवाडीचे भव्य संकुल आहे. तिने चांगले खेळाडू दिले आहेत. पण मोखाड्याच्या पाड्यावरून बालेवाडी हा जिना नव्हे, ती उडी आहे. आणि त्या उडीच्या आधी उंची-वजनाची चाळण आहेच.

आता जव्हार-मोखाड्यापाशी काय आहे, ते पाहू. येथे आश्रमशाळा आहेत. राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून काहीशा अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत, आणि या दोन तालुक्यांना त्यांचा भरपूर वाटा मिळालेला आहे. कॅनडातील कुमार खेळाडू सोळाव्या वर्षी हौसेने घर सोडतो आणि परक्या गावातील यजमान कुटुंबात राहतो. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी वा महादेव कोळी घरातील मूल सहाव्या वर्षीच घर सोडते, कारण पाड्यावर राहिले तर दिवाळीनंतर त्याला भट्टीवर जावे लागेल. ज्या गोष्टीसाठी जगभरच्या क्रीडासंस्था अफाट खर्च करतात, मुले एकत्र राहावीत, एकत्र जेवावीत, वेळेवर उठावीत, वर्षानुवर्षे एकाच छताखाली वाढावीत, ती गोष्ट येथे आधीपासूनच आहे. सरकार तिचा खर्च उचलतच आहे. सलग दहा-बारा वर्षे मूल डोळ्यांसमोर असते. इतका अवधी कोणत्याही शहरी क्लबाला मिळत नाही.

याचा अर्थ आश्रमशाळा नंदनवने आहेत असा मुळीच नव्हे. तेथील आजार, सर्पदंश, गळकी छपरे, पातळ आमटी यांच्या बातम्या हेच वाचक वर्तमानपत्रात वाचत आले आहेत. दिवसभर वर्ग घेऊन रात्री वसतिगृह सांभाळणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यात शिट्टी अडकवून त्याला क्रीडाशिक्षक म्हणणे ही आणखी एक फसवणूक होईल. क्रीडाशिक्षक मानधनावर, वर्षाच्या करारावर नेमण्याचे प्रयोगही होऊन गेले आहेत. करार संपला की माणूस जातो आणि मुलांच्या पायांत जे आले असेल तेही विरते. खेळाडू घडवण्याचे काम करारी पद्धतीने करता येत नाही हे समजण्यासाठी क्रीडातज्ज्ञ लागत नाही. आंब्याचे कलम लावलेल्या कोणालाही ते कळते.

उणीव आहे ती मोजक्या गोष्टींची. पहिली अर्थातच माणसाची. जव्हारला एक आणि मोखाड्याला एक अशी दोन केंद्रे धरली आणि प्रत्येकी चाळीस मुले-मुली घेतल्या, तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा अभ्यासक्रम केलेले चार प्रशिक्षक पुरतात. जिल्ह्याचे ठिकाण मोखाड्यापासून जवळजवळ शंभर किलोमीटरवर आहे. तेथून आठवड्याला भेट देणारा प्रशिक्षक पावसाळ्यातील दुसऱ्याच आठवड्यात भेटी बंद करील. माणूस तेथेच राहणारा हवा, त्याला राहण्यासाठी घर हवे, आणि त्याच्या मुलांच्या शाळेचाही विचार हवा. आपल्या योजना सहसा या शेवटच्या मुद्द्यावर अडखळतात, कारण तो योजनेच्या मसुद्यात बसत नाही.

दुसरी उणीव ताटाची. सराव करणाऱ्या मुलाची भूक दीडपट होते. नेहमीच्या आहारावर त्याला पळवणे म्हणजे त्याच्या हाडांचे कर्ज काढणे होय. म्हणून वाढीव आहार आधी आणि सराव नंतर, हा क्रम बदलता कामा नये. नागली, उडीद, अंडी, दूध, शेंगदाणे यांत विलायती असे काही नाही. दर तीन महिन्यांनी उंची, वजन आणि रक्तातील लोह तपासले जावे आणि त्या नोंदी मुलाबरोबर वर्षानुवर्षे चालाव्यात. 'आधी कुपोषण हटवा, मग खेळाचे बोला' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की सहाव्या वर्षानंतर या मुलांच्या वाढीची अशी सलग नोंद ठेवण्याचे दुसरे निमित्त आज तरी कोणापाशी नाही. मैदान हे निमित्त होऊ शकते. ज्या चाळीस मुलांची नोंद राहील त्यांतून राष्ट्रीय खेळाडू एकही निघाला नाही, तरी चाळीस शरीरे नीट वाढलेली असतील.

खेळ कोणते निवडावेत याबद्दल फार खल करण्याचे कारण नाही. लांब पल्ल्याचे धावणे, खो-खो आणि कबड्डी. या मुलांना ते येतात आणि त्यांना अवजारे थोडी लागतात. मात्र 'थोडी' म्हणजे मुळीच नव्हे. खो-खो आणि कबड्डी वरच्या पातळीवर आता मॅटवर खेळतात. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी तो जिंकला, आणि प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. तांबड्या मातीत अनवाणी वाढलेली मुलगी पहिल्यांदा मॅटवर उतरते ती थेट स्पर्धेतच, आणि तिच्या पायाला ती जमीन परकी वाटते. ती हरते ते गुणात नव्हे. दोन तालुक्यांसाठी दोन मॅट आणि त्यांवर पत्र्याची एकेक उंच शेड एवढी तरतूद प्रकल्पाला जड नाही. शिवाय सह्याद्रीच्या या माथ्यावर जून ते सप्टेंबर मैदान पाण्याखाली असते. शेड नसेल तर वर्षातील चार महिने सरावाचे नाव काढता येणार नाही.

मुलींचा प्रश्न यातही निराळा उभा राहतो. दहावी झाली की आश्रमशाळेचे दार बऱ्याच जणींना बंद होते. अकरावी-बारावीची सोय सर्वत्र नाही. घरी गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलीचे वर्षा-दोन वर्षांत लग्न ठरते. खेळाडू म्हणून तिची खरी वर्षे नेमकी त्याच वेळी सुरू व्हावयाची असतात. कॅनडाच्या कुमार साखळ्यांत एक नियम आहे, तो येथे उसना घेण्यासारखा आहे. खेळाडूने संघासाठी जितके हंगाम घालवले तितक्या वर्षांच्या उच्च शिक्षणाचे शुल्क साखळीने सोसावयाचे. या व्यवस्थेचे सगळेच चांगले आहे असे नव्हे. तेथील कुमार संघांत नव्या मुलांचा जो छळ होई त्याविरुद्ध २०२० साली माजी खेळाडूंनी न्यायालयाची पायरी चढली. वसतिगृह चालवणाऱ्या प्रत्येकाने त्या प्रकरणाची माहिती करून घ्यावी. पण बहुसंख्य मुले व्यावसायिक खेळाडू होणार नाहीत हे त्या नियमाने आधीच मान्य केले आहे आणि त्यांच्या गेलेल्या वर्षांची किंमत ठरवून दिली आहे. आपल्याकडे खेळाडूला दहावी-बारावीत वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत पाच टक्के जागा राखीव असतात. ही दोन्ही बक्षिसे स्पर्धेतील यशाला आहेत. त्यांच्यामागे लागून बनावट प्रमाणपत्रांचा धंदा कसा फोफावला हे कचेऱ्यांतून काम करणाऱ्यांना सांगावयास नको. केंद्रात एक वर्ष सराव केलेल्या मुलीला वसतिगृहासह एका वर्षाच्या पुढील शिक्षणाची हमी, मग ती जिंको वा न जिंको, असा साधा हिशेब ठेवला, तर बापाशी बोलताना शिक्षकाच्या हाती निदान एक सांगण्याजोगी गोष्ट राहील.

दिवाळीच्या सुटीचा प्रश्नही याच हिशेबात येतो. सुटीला घरी गेलेले मूल कुटुंबाबरोबर भट्टीवर गेले की ते परतेपर्यंत कधी आठवडे जातात, कधी वर्ष. संघ मोडतो तो येथे. केंद्रातील मुलांसाठी सुटीतही वसतिगृहाची चूल पेटती ठेवावी लागेल, आणि आईबापांना भट्टीवरून मुलाला भेटावयास येता यावे म्हणून एका दिवसाचे भाडे देण्याइतके मोठे मन दाखवावे लागेल.

आश्रमशाळा जूनच्या मध्यास उघडतात. प्रशिक्षकांच्या नेमणुकीचे आदेश त्याच आठवड्यातले हवेत, स्पर्धा तोंडावर आल्यावर ऑक्टोबरात निघालेले नकोत. पहिल्या तुकडीत सहावीची मुले घेतली तर ती बारावी होईपर्यंत सात वर्षे जातील. तेवढ्या अवधीत जव्हारचे प्रकल्प अधिकारी निदान तीनदा बदललेले असतील, आयुक्त बदललेले असतील, मंत्रीही बदललेले असण्याचा संभव आहे. म्हणून ही तरतूद कोणा एका उत्साही अधिकाऱ्याचा नावीन्यपूर्ण उपक्रम म्हणून दाखवता कामा नये. ती विभागाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली, सात वर्षांसाठी एकदम, घातली गेली पाहिजे.